तीन आठवडे, तीन गावं आणि तेवीस किलोच्या बॅगा

परदेशात राहणाऱ्या वाचकांनी घरच्या फेरीबद्दल पाठवलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. बरीच पत्रं निघायला पंधरा दिवस उरले असताना लिहिलेली दिसतात. यातल्या काही कामांना दोन-अडीच महिने लागतात, म्हणून जिथे लागू आहे तिथे कामाला केव्हा लागायचं तेही सांगितलं आहे.

प्रश्न : पाच वर्षांनी येतोय. सुट्टी एकवीस दिवसांची. माहेर नाशिक, सासर सांगली, नणंद डोंबिवलीत. सोबत सात आणि दोन वर्षांची मुलं. मागच्या वेळी रोज दोन घरी जेवणं झाली, मुलं आजारी पडली आणि आईशी निवांत बोलणं राहूनच गेलं. भेटीगाठी कशा बसवाव्यात?
(न्यू जर्सीहून एक वाचक)

उत्तर : आधी मुक्काम ठरवा, मग घरं. सांगली ते नाशिक रस्त्याने साधारण सव्वाचारशे किलोमीटर आहे. लहान मुलांसोबत त्यात पूर्ण दिवस जातो आणि दुसरा दिवस थकव्यात जातो. हा प्रवास एकदाच करायचा. आमच्या मते तुमच्यासाठी अशी मांडणी बरी : उतरल्यावर दोन दिवस डोंबिवली, मग सांगलीत नऊ दिवस, एक दिवस प्रवास, नाशिकला सहा दिवस, एक दिवस मोकळा आणि शेवटचे दोन दिवस पुन्हा डोंबिवली. मोकळा दिवस कुणालाही द्यायचा नाही. कुणी आजारी पडलं किंवा बँकेत दुसरी फेरी मारावी लागली तर तोच कामी येतो.

विमान मध्यरात्री उतरतं म्हणून विमानतळावरूनच गाडी सांगलीकडे काढण्याचा मोह टाळा. तुम्ही वीस तास जागे असता, आणि तुम्हाला न्यायला आलेला चालकही अनेकदा दिवसभर गाडी चालवून आलेला असतो. डोंबिवलीत झोपा आणि उजाडल्यावर निघा.

न्यू जर्सी आणि भारतात हिवाळ्यात साडेदहा तासांचा फरक असतो, उन्हाळ्यात साडेनऊ. पहिले चार-पाच दिवस मुलं रात्री दोनला टक्क जागी होणार हे गृहीत धरा. झोपण्यापूर्वीच उशाशी दूध, केळं, खाकरा असं काहीतरी ठेवा, म्हणजे स्वयंपाकघरातल्या भांड्यांच्या आवाजाने आजी-आजोबांची झोप मोडणार नाही. सकाळी सात-आठला मुलांना गच्चीवर किंवा अंगणात उन्हात न्या. शरीराचं घड्याळ उन्हाने लवकर जागेवर येतं. दुपारची झोप तासाभराने मोडा. त्या चार दिवसांत संध्याकाळचं एकही बोलावणं घेऊ नका, कारण मुलं सहा वाजताच पेंगतात आणि यजमानांना वाटतं की आमचं घर आवडलं नाही.

भेटींसाठी प्रत्येक गावात एका रविवारी सगळ्यांना एकत्र बोलवा. सोसायटीचा छोटा हॉल, अकरा ते तीन, जेवण बाहेरून. निमंत्रण फोनवर द्या. व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड केलेल्या निरोपाला माणसं येतात, पण मनात खट्टू होऊन येतात. तीन घरी मात्र तुम्हीच जायचं : अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल तिथे, तुम्ही नसताना ज्या घरात कुणी गेलं तिथे, आणि घरातल्या सगळ्यात ज्येष्ठ आत्या-काकांकडे. दुःखाच्या घरी जायचं राहिलेलं असताना त्या घरच्यांना हॉलवर जेवायला बोलावणं फार वाईट दिसतं, म्हणून ती भेट रविवारच्या आधी उरका. जाताना संध्याकाळी पाचची वेळ धरा आणि आदल्या दिवशीच स्पष्ट सांगा, ‘काकू, फक्त चहा घेणार, मुलांचं जेवण झालंय.’ ऐनवेळी सांगितलं तर ते कुणी ऐकत नाही. तोवर शिऱ्याचा रवा भाजून झालेला असतो.

आणि सत्तरीतल्या आईचा किंवा सासूबाईंचा विचार करा. दोन माणसांच्या घरात अचानक सहा माणसं म्हणजे पोळ्या, धुणं, भांडी सगळं तिप्पट. पोळ्यांना बाई लावा, पगार तुम्ही द्या, आणि त्यांना तुम्ही पोचायच्या आठवडाभर आधीपासून यायला सांगा. नव्या बाईंना घरातल्या डब्यांची सवय व्हायला तेवढे दिवस लागतात. दुसरा सिलिंडर भरलेला आहे का तेही फोनवर विचारून ठेवा.

रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं. १ नोव्हेंबर २०२४ पासून ही मुदत १२० वरून ६० दिवसांवर आली. सांगलीसाठी महालक्ष्मी एक्सप्रेस सोयीची, पण सणासुदीला ती पहिल्या दिवशीच भरते. आधारने पडताळलेलं खातं नसेल तर तत्काळ तिकीट ऑनलाइन काढता येत नाही, म्हणून हे काम इथल्या भावाच्या किंवा बहिणीच्या खात्यावरून करून घ्या. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्याने सण उशिरा आहेत : गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आणि लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. नेहमीच्या अंदाजाने ऑगस्ट अखेरचं तिकीट काढाल तर गणपती हुकतील.

प्रश्न : मुलगी जन्मली तेव्हाच तिचं ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना व्हिसाशिवाय भारतात येण्यासाठी मिळणारं) काढलं होतं. आता तिचा अमेरिकन पासपोर्ट नवा झाला. कार्डावर जुना क्रमांक आहे. नवं कार्ड काढावं लागेल का? माझं स्वतःचं कार्ड मी बत्तिसाव्या वर्षी घेतलं आहे.

उत्तर : नाही, दोघींनाही नवं कार्ड लागत नाही. २०२१ मध्ये नियम सोपा झाला. वीस वर्षांच्या आत कार्ड काढलं असेल, तर वीस पूर्ण झाल्यानंतर जो पहिला नवा पासपोर्ट मिळेल तेव्हा एकदाच कार्ड पुन्हा काढायचं. विशीनंतर घेतलेलं कार्ड पासपोर्ट बदलल्यामुळे पुन्हा काढावं लागत नाही.

मात्र विशीच्या आत प्रत्येक नव्या पासपोर्टनंतर, आणि पन्नाशीनंतर एकदा, नव्या पासपोर्टची प्रत आणि ताजा फोटो ओसीआयच्या संकेतस्थळावर चढवावा लागतो. मुदत पासपोर्ट मिळाल्यापासून तीन महिने. शुल्क नाही. अर्ज अडकतो तो बहुधा फोटो आणि सहीपाशी : फोटो लांबी-रुंदीला समान हवा आणि सहीचा तुकडा उंचीच्या तिप्पट रुंद हवा. सही न येणाऱ्या मुलाच्या अंगठ्याचा ठसा चालतो. या काळात भारतात ये-जा करायला बंदी नाही, पण पोचपावतीची छापील प्रत हातातल्या पिशवीत ठेवा. जुना पासपोर्ट सोबत असण्याची सक्ती नाही. तरीही विमान कंपनीच्या काउंटरवरचा कर्मचारी नवा असेल, तर कार्डावरचा क्रमांक जुळत नाही म्हणून तो अडवतो, आणि जुना पासपोर्ट दाखवला की प्रश्न तिथेच मिटतो.

बाळ नुकतंच झालं असेल आणि कार्ड अजून काढलेलं नसेल, तर घाईच्या फेरीला व्हिसा काढून या. कार्डाला कित्येक आठवडे लागतात आणि त्या भरवशावर तिकीट काढणं धोक्याचं.

प्रश्न : भाच्याच्या मुंजीला बायकोचे सगळे दागिने घेऊन येऊ का? तेरा-चौदा तोळे होतील.

उत्तर : आणू नका. वर्षभराहून जास्त काळ परदेशी राहून येणाऱ्या बाईला ४० ग्रॅम आणि पुरुषाला २० ग्रॅम दागिने शुल्काशिवाय आणता येतात. नाणी आणि वळी त्यात धरत नाहीत. तेरा तोळे म्हणजे याच्या तिप्पट. दागिने पूर्वी भारतातूनच नेलेले असले तरी ते सिद्ध करण्याची जबाबदारी तुमच्यावर येते. त्यासाठी देश सोडतानाच विमानतळावरच्या सीमाशुल्क अधिकाऱ्याकडून निर्यात प्रमाणपत्र घ्यायला हवं होतं, ज्यात दागिन्याचं वर्णन, वजन आणि मूल्य असतं. ते नसेल तर हिरव्या वाटेने न जाता लाल वाटेने जाऊन जाहीर करा. इथल्या बँकेच्या लॉकरमध्ये काही असेल तर मुंजीत तेच घाला. परत जाताना इथून काही नेणार असाल, तर या वेळी प्रमाणपत्र करून घ्या. मूल्यांकन झालेली पावती सोबत असली की काम लवकर होतं, पण तासभर तरी हाताशी ठेवा.

प्रश्न : आईसाठी अमेरिकेतून रक्तदाब मोजायचं यंत्र आणि मिक्सर आणतोय. सह्याद्रीत ट्रेकही करायचा आहे, त्याची उपकरणं चालतील?

उत्तर : मिक्सर नको. तिथला वीजपुरवठा १२० व्होल्टचा, इथला २३० चा. पहिल्याच वाटणाला मोटार जळेल. यंत्राच्या चार्जरवर बारीक अक्षरांत ‘१००–२४० व्होल्ट’ लिहिलेलं असेल तर फक्त पिनचा अडॅप्टर पुरतो. रक्तदाबाच्या यंत्राचा पट्टा आईच्या दंडाच्या मापाचा आहे ना ते पाहा. सैल किंवा घट्ट पट्ट्याने आकडा चुकतो आणि औषध उगीच वाढतं.

ट्रेकसाठी उपग्रहावरून संदेश पाठवणारी छोटी यंत्रं आणू नका. भारतात परवान्याशिवाय उपग्रह फोन किंवा तसं यंत्र बाळगणं गुन्हा आहे आणि त्यावरून विमानतळांवर प्रवाशांना अटक झालेली आहे. ई-सिगारेटवरही २०१९ पासून बंदी आहे.

प्रश्न : मुलं इथे येऊन दर वेळी पोटाने आजारी पडतात. काय काळजी घ्यावी?

उत्तर : तयारी तिथेच, निघण्यापूर्वी चार ते सहा आठवडे सुरू करा. ‘आपण आपल्याच घरी तर चाललोय’ या समजुतीने घरचे लोक पर्यटकांपेक्षा कमी काळजी घेतात, आणि म्हणूनच विषमज्वरासारखे आजार नातेवाइकांकडे आलेल्यांना जास्त होतात. तुमची लहानपणची प्रतिकारशक्तीही इतक्या वर्षांत उरलेली नसते. डॉक्टरांना टायफॉइड आणि हिपॅटायटिस ए या लसींबद्दल विचारा. टायफॉइडचं इंजेक्शन प्रवासाच्या किमान दोन आठवडे आधी व्हायला हवं, नाहीतर त्याचा असर यायच्या आत तुम्ही इथे असता. सहा ते अकरा महिन्यांचं बाळ असेल तर गोवराची लस प्रवासाआधी लवकर देतात, तेही विचारा.

घरच्या ताज्या, गरम जेवणाने पोट सहसा बिघडत नाही. बिघडतं ते पाण्याने, बर्फाने, कापून ठेवलेल्या फळांनी, गाडीवरच्या हिरव्या चटणीने आणि लग्नाच्या पंगतीत दोन तास उघड्यावर राहिलेल्या मठ्ठ्याने. घरी फिल्टर असला तरी तो शेवटचा कधी दुरुस्त झाला ते विचारा. शंका असेल तर पाणी खळखळून उकळी फुटल्यावर मिनिटभर उकळा. दात घासायलाही तेच द्या, ही गोष्ट हमखास विसरली जाते.

जुलाब सुरू झाले तर पहिल्या तासापासून ओआरएस, म्हणजे पाण्यात विरघळवायची साखर-क्षारांची भुकटी. मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात एकदमच विरघळवायचं. अर्धं पाकीट पेल्यात अंदाजाने घातलं की क्षारांचं प्रमाण चुकतं आणि जुलाब वाढूही शकतात. लहान मुलाला दर मिनिटा-दोन मिनिटांनी चमच्याने पाजा. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा तसंच हळू सुरू करा. चोवीस तासांनी उरलेलं फेका. पाकीट हाताशी नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ. सोबत पेज, मऊ भात, वरण चालू ठेवा. उपाशी ठेवू नका. मोठ्यांची जुलाब थांबवायची गोळी तोडून मुलाला कधीही देऊ नका. शौचात रक्त, सहा-आठ तास लघवी नाही, डोळे खोल गेलेले किंवा मूल सुस्त पडलेलं दिसलं तर रात्र असली तरी डॉक्टरांकडे न्या.

ताप आला तर फक्त पॅरासिटामॉल, मुलाच्या वजनानुसार. पावसाळ्यात आणि त्यानंतर डेंग्यू असतो. त्यात आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिनने रक्तस्राव होऊ शकतो. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, म्हणून नुसती रात्रीची मच्छरदाणी पुरत नाही. घरामागच्या कुंडीखालच्या बशा आणि कूलरचं पाणी आठवड्यातून एकदा ओतून टाकायला सांगा.

कुत्रा चावला किंवा नुसता ओरखडला तरी जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस सुरू करा. हळद, चुना, मिरची काहीही लावू देऊ नका, सांगणारं माणूस कितीही मोठं असो. डोस तिथे परतल्यावर पूर्ण करायचे राहतात, तेव्हा इथला कागद जपून न्या.

परत गेल्यावर काही आठवड्यांत ताप आला, तर भारतातून आल्याचं डॉक्टरांना स्वतःहून सांगा. मलेरियाचा विचार त्यांच्या मनात आपोआप येईलच असं नाही.

प्रश्न : पुण्याच्या बँकेतलं जुनं बचत खाते बंद पडल्यासारखं झालंय. यूपीआय चालेल का? घरी दोन हजारांच्या काही नोटाही सापडल्या.

उत्तर : दोन वर्षं तुम्ही काहीच व्यवहार केला नाही की खातं निष्क्रिय होतं. पैसे कुठे जात नाहीत. शाखेत केवायसी, म्हणजे ओळख आणि पत्त्याचे पुरावे, पुन्हा दिलं की ते सुरू होतं. पण त्याआधी दुसरी गोष्ट : परदेशी स्थायिक झाल्यावर साधं बचत खातं तसंच ठेवता येत नाही, ते एनआरओ (अनिवासींचं, भारतातल्या उत्पन्नासाठीचं खातं) करून घ्यावं लागतं. पासपोर्ट, तिथला व्हिसा किंवा रहिवासाचा पुरावा, ओसीआय असल्यास कार्ड, पॅन आणि परदेशातल्या पत्त्याचा कागद, या सगळ्यांच्या मूळ प्रती आणि झेरॉक्स घेऊन पहिल्याच आठवड्यात जा. शेवटच्या आठवड्यात गेलात आणि एक सही जुळली नाही, तर काम पुढच्या फेरीवर जातं. एनआरओच्या व्याजातून तीस टक्के आणि उपकर कापला जातो. परदेशातून पाठवलेल्या पैशांसाठीच्या एनआरई खात्याचं व्याज भारतात करमुक्त असतं.

अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, सिंगापूर, अमिराती अशा काही देशांतले मोबाईल क्रमांक एनआरओ-एनआरई खात्याला जोडून यूपीआय वापरता येतं. तुमची बँक ही सोय देते का ते निघण्याआधी विचारा. भारतातलं सिम नव्वद दिवस वापरलं नाही तर क्रमांक दुसऱ्याला जाऊ शकतो आणि ओटीपी त्याच्या फोनवर जातील, तेव्हा ते दर दोन-अडीच महिन्यांनी जागतं ठेवा.

दोन हजाराच्या नोटा बँका आता घेत नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या निर्गम कार्यालयांत चालतात. महाराष्ट्रात मुंबई, बेलापूर आणि नागपूर.

प्रश्न : आई-वडील ऐंशीच्या घरात. या फेरीत त्यांची कोणती कागदपत्रं मार्गी लावावीत?
(मेलबर्नहून एक वाचक)

उत्तर : पहिल्या संध्याकाळी हा विषय काढू नका, आणि भावंडांच्या पाठीमागेही नको. चार-पाच दिवसांनी, सकाळच्या चहानंतर, वडिलांना सांगा, ‘बाबा, फाइल मला एकदा समजावून सांगा.’ कागद त्यांचे आहेत, तेव्हा सांगणारे तेच असू द्या.

त्यात चार गोष्टी पाहा. प्रत्येक खात्यावर, ठेवीवर आणि लॉकरवर नामनिर्देशन, म्हणजे नॉमिनीची नोंद, आहे का. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकखात्याला चार जणांपर्यंत नामनिर्देशन करता येतं. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. मालकी मृत्युपत्राने किंवा वारसाहक्काने ठरते, म्हणून मृत्युपत्र हवंच. साध्या कागदावर चालतं, नोंदणीची सक्ती नाही, दोन साक्षीदार मात्र हवेत, आणि ते ज्यांना काही मिळणार नाही असे, शक्यतो आई-वडिलांपेक्षा तरुण असावेत. पेन्शन असेल तर हयातीचा दाखला नोव्हेंबरमध्ये द्यायचा असतो, ऐंशीच्या पुढच्यांना १ ऑक्टोबरपासून देता येतो. आता तो फोनवर चेहरा दाखवूनही होतो, पण एकदा तुमच्या समोर करून पाहा, कारण मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर किंवा कमी उजेडात यंत्र चेहरा ओळखत नाही. आणि सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. त्याला आधार लागतं, तेव्हा आधारवरचा मोबाईल क्रमांक चालू आहे का ते आधी तपासा.

शेतजमीन असेल तर ताजा सातबारा काढून वडिलांसोबत वाचा. ती तुम्हाला वारशाने मिळू शकते, अनिवासी म्हणून विकत मात्र घेता येत नाही. इथे मुखत्यारपत्र करून देणार असाल तर ते एका कामापुरतं करा. ‘सर्व अधिकार’ देणारं मुखत्यारपत्र सोयीचं वाटतं, पण पुढे घरातली भांडणं त्याच कागदावरून होतात.

प्रश्न : परत जाताना काय नेता येतं? मागच्या खेपेला फ्रँकफर्टला पेढे आणि तूप काढून घेतलं.

उत्तर : युरोपीय संघात बाहेरच्या देशांतून येणाऱ्या प्रवाशाला दूध आणि मांस यांचे पदार्थ आणता येत नाहीत. पेढे, बर्फी, चक्का, तूप सगळं त्यात आलं. ब्रिटनमध्येही भारतातून आलेल्यांना हीच बंदी आहे. ताजी फळं युरोपात वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय नाहीत. अपवाद केळी, अननस, नारळ, खजूर आणि ड्युरियन. हापूसची पेटी राहिलीच. सुके बोंबील आणि सोडे मात्र चालतात, मासळीला वीस किलोपर्यंत मुभा आहे.

अमेरिकेत आंबे, कढीपत्ता आणि तांदूळही नेऊ नका. कढीपत्त्यावरून लिंबूवर्गीय झाडांचा रोग पसरवणारी कीड जाते, तांदळातून खापरा भुंगेरा जातो. इंद्रायणी वा आंबेमोहोराची घरची दोन किलोची पिशवीही काढून घेतात. जे नेताय ते जाहीर करा. जाहीर केलेली वस्तू फार तर जप्त होते, लपवलेलीवर दंड बसतो.

आखातात जाणाऱ्यांनी खसखस नेऊ नये. अमिरातीत ती अमली पदार्थांच्या कायद्यात येते, सिंगापूरलाही चालत नाही. नुसती पुडी नको एवढंच नव्हे : अनारशांवर खसखस असते, डिंकाच्या लाडवांत असते आणि काही घरांच्या गोड्या मसाल्यातही असते. मसाला करणाऱ्याला आधी विचारा. ट्रॅमाडॉल किंवा कोडीन असलेली औषधं अमिरातीच्या सरकारची ऑनलाइन परवानगी घेतल्याशिवाय नेऊ नका.

मेतकूट, भाजणी, चकल्या, खसखस नसलेल्या गूळपोळ्या, कुळथाचं पीठ ही निर्धोक मंडळी. पिठं हवा काढून बंद करून घ्या आणि पाकिटावर नाव इंग्रजीत लिहा. बिननावाची पांढरी पूड तपासणीत उघडली जातेच. खोबऱ्याच्या वाट्या कुठल्याच बॅगेत ठेवू नका. तेलामुळे त्या ज्वालाग्राही धरतात आणि मुंबईत बॅग परत बोलावतात. लाल तिखट आणि लोणचं हातातल्या पिशवीत चालत नाही, पॉवर बँक उलट फक्त हातातल्या पिशवीतच.

लोणचं गळतं ते झाकणापाशी. वर हवेचा दाब कमी होतो, बरणीतली हवा फुगते आणि वरचं तेल आट्यांतून बाहेर ढकलते. म्हणून वरचं तेल काढून ठेवा, ते घरी वापरलं जाईल. फोडी दाबून बरणी जवळजवळ तोंडापर्यंत भरा म्हणजे आत हवा उरत नाही. आटे कोरड्या फडक्याने पुसा, तोंडावर प्लॅस्टिकचा दुहेरी तुकडा ठेवून झाकण आवळा आणि सांध्यावर चिकटपट्टी ओढा. दोन झिपच्या पिशव्यांत घालून बॅगेच्या मधोमध, जाड कपड्यांत उभी ठेवा. बॅग घरीच वजन करून बावीस किलोवर थांबवा. शेवटचा किलो दाराशी हातात ठेवलेल्या डब्यासाठी लागतोच.